जानेवारीतलं पिल्लू

आम्ही निघालो ते एक ससा शोधायला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, गावातल्या खानावळीत सगळे हसलेच होते. ऐन जानेवारीत, ओवायहीच्या डोंगरात, गुडघाभर बर्फातून, सत्तरी ओलांडलेला एक मेंढपाळ, सशांवर आयुष्य घालवलेली एक बाई, मी आणि एक खेचर, अशी आमची फौज ओंजळीत मावेल एवढ्या सशाच्या मागे निघाली होती. ससा सापडला तर माझ्या मामाची मेंढरं राहणार होती. नाही सापडला तर ती विकायची, हे मामानं ठरवूनच टाकलं होतं.

कुमे नावाचं आमचं एक खोरं आहे. जमीन सरकारची, पण चराईचा हक्क आजोबांपासून आमचा. एप्रिलमध्ये मेंढ्या विण्याच्या बेतात आल्या की मामा त्यांना तिथे नेतो, कारण तिथली सेजची झुडपं माणसाच्या डोक्याला लागतील एवढी उंच आहेत. आमच्याकडचं एप्रिलचं वारं म्हणजे सुरीच. नुकतंच पडलेलं ओलं कोकरू त्या वाऱ्यात उघड्यावर राहिलं की मेलंच समजा. सेजच्या आडोशाला मात्र ते थरथरत उभं राहतं, आईच्या आचळाशी पोचतं आणि जगतं. जमीन खात्याला हे कोण सांगणार? त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. वणवा अडवायला झुडपं कापून रुंद पट्टा काढायचा आणि त्यावर गवत पेरायचं. रेघ गेली ती बरोबर कुमेच्या पोटातून. नकाशावर वारा दिसत नाही. कोकरू तर नाहीच दिसत.

एकच गोष्ट ते काम थांबवू शकत होती. बुटका ससा ही दुर्मिळ जात जिथे राहते तिथे यंत्र घालायचं नाही, असं त्यांच्याच करारात लिहिलेलं होतं. तपासणीसाठी उन्हाळ्यात एक माणूस आलाही होता. भर दुपारी आला, ट्रकमधून उतरलासुद्धा नाही. काच खाली करून त्यानं मामाला विचारलं, इथं बुटके ससे आहेत का? मामा म्हणाला, "छे. साध्या कापूसशेपट्या सशांची पिल्लं आहेत, हवी तेवढी." त्यानं ‘नाहीत’ असं लिहून घेतलं, काच वर केली आणि गेला. झाली तपासणी!

मामाचं नाव हुस्तो लेहार्दी. आम्ही बास्क लोक. आजोबा समुद्रापलीकडच्या आमच्या डोंगरातून इकडच्या डोंगरात मेंढरं राखायला आले आणि इथलेच झाले. आमच्या भाषेत कुमे म्हणजे पिल्लू. खोऱ्याला ते नाव आजोबांनी दिलं, कारण कधीही जा, सेजखाली सशाची पिल्लं तुरुतुरु पळताना दिसायची. तीन पिढ्या आम्ही ती बघत आलो आणि तीन पिढ्या त्यांना पिल्लं म्हणत आलो.

लॉरेटा क्विंबीबाईंचा मात्र या पिल्लांवर विश्वास नव्हता. त्या राज्याच्या वन्यप्राणी विभागात होत्या. उंच, हडकुळ्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता जमिनीकडे बघायची सवय. विमानातून काढलेल्या छायाचित्रांत त्यांना कुमेमध्ये मातीचे गोल उंचवटे दिसले होते. खोल, भुसभुशीत माती आणि वर म्हातारं सेज. "बुटक्याला घर बांधायला याहून चांगली जागा मिळायची नाही," असं म्हणत त्या थेट आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

मामानं त्यांना कॉफी दिली आणि सुनावलं, "बाई, मी त्या खोऱ्यात जन्म काढलाय. तिथं बुटका नाही. पण तुम्ही दाखवलात, तर मी त्याच्या पाया पडेन."

"चला तर मग," बाई कॉफीच्या कपाकडे बघत म्हणाल्या.

अशी आमची मोहीम ठरली.

बर्फ काढलेला रस्ता जिथे संपतो तिथे झुडपं कापायची यंत्रं लावलेले चार ट्रॅक्टर उभे होते, आणि त्यांच्यापुढे फाटकाला भलंमोठं कुलूप. मुकादम वेंडल हॅच शेकोटीपाशी हात शेकत होता. हॅच इथलाच. चार गाई पाळतो, आणि दर शनिवारी खानावळीत मामाशी मूसचा डाव मांडतो. मूस म्हणजे आमचा पत्त्यांचा खेळ. हातात काही नसताना सगळं असल्याचा आव आणायचा, हेच त्यातलं कौशल्य.

"कुठं निघाली वरात?" हॅचनं विचारलं.

"तुझे ट्रॅक्टर परत पाठवायला," मी म्हणाले. "फाटक उघड."

"नेकाने, कुलूप माझं नाही. वरून आलंय. काम सुरू होईपर्यंत कुणाला सोडायचं नाही."

"आणि काम कधी सुरू?"

"उद्या. जमीन गोठलीय, यंत्रं रुतणार नाहीत." त्यानं मामाकडे बघितलं आणि नजर खाली घातली. "मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी येईल, हुस्तो."

खेचराचा दोर ओढून मामा सरळ डोंगराच्या दिशेनं वळला. फाटकातून कुमे म्हणजे घटकाभराची चाल. धारेवरून वळसा घालायचा तर अख्खा दिवस! पण डोंगराला कुलूप घालायची अक्कल अजून कुठल्याच खात्याला आलेली नाही.

पायाला बर्फात चालायच्या रुंद जाळ्या बांधून आम्ही चढायला लागलो. मारिचू खेचर सगळ्यात पुढे, तिच्या पाठीवर पीठ, राजमा, चोरिझोची सुकी सॉसेजं, तंबू आणि बाईंचा कॅमेरा. कुत्रं घरीच ठेवलेलं. सशाच्या मोहिमेवर कुत्रं नेणं म्हणजे चोराला घेऊन पहाऱ्यावर जाणं. सुरुवातीला ऊन होतं. बर्फ चमचमत होतं, थंडीनं आकसलेल्या सेजचा कडूगोड वास नाकात भरत होता, आणि मामा आजोबांच्या वेळचं एक चावट गाणं इतकं बेसूर म्हणत होता की मारिचूनं दोनदा मागे वळून बघितलं.

मग आली निसरडी उतरण. वरून बर्फ, खाली काचेसारखा थर. मारिचूचा मागचा पाय सटकला. ती बसली. बसली ती घसरायलाच लागली! पाठीवरचं सामान एका अंगाला कललं. मामानं दोर कंबरेला गुंडाळला, टाचा रोवल्या. मी मामाचा पट्टा धरला. बाईंनी माझा. चौघेही खाली निघालो! एक सेजचं खोड मध्ये आलं म्हणून थांबलो, नाहीतर थेट ओढ्यातच पोचलो असतो.

बर्फात उताणा पडलेला मामा म्हणाला, "बघितलंत बाई? सेज कशाला लागतं ते."

"लिहून घेते," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडात बर्फ गेलं होतं.

धारेवर पोचलो आणि वारं सुटलं. बघता बघता सगळं पांढरं झालं. वर पांढरं, खाली पांढरं, पुढे मारिचूचं शेपूट तेवढं दिसतंय, तेही अधूनमधून. अशा वेळी चूक एकच होते, ती म्हणजे माणूस वाऱ्याला पाठ देतो. पाठ दिली की सोपं वाटतं, पाय आपोआप चालतात, आणि माणूस भलत्याच दरीत उतरतो. मामानं आम्हाला दोरानं एकमेकींना बांधलं आणि वारं डाव्या गालावर घेऊन चालायला लावलं. गाल बधिर झाला. मग गाल आहे की नाही तेही कळेना. मध्येच मामा ओरडला, "पोरगा! पोरगा!" मला वाटलं म्हाताऱ्याला भास व्हायला लागले. पण तो दगडी पोरगा होता. आमचे मेंढपाळ धारेवर दगडावर दगड रचून माणसाएवढे उभे करतात, त्यांना आम्ही दगडी पोरं म्हणतो. मामानं त्याला मिठी मारली, त्याच्या कोणत्या अंगाला शेवाळ आहे ते हातमोजा काढून चाचपलं आणि दिशा पकडली.

खाली ओढा होता, वर बर्फाचा थर. मामा पार झाला, मारिचू पार झाली, बाई पार झाल्या. मग माझी पाळी. कॅमेऱ्याची पिशवी मघाच्या घसरणीनंतर मी गळ्यात अडकवली होती, खेचरापेक्षा मी भरवशाची म्हणून! मधोमध पोचले. कडाड! कंबरेपर्यंत आत. थंडी वाटली नाही, आग लागल्यासारखं झालं. श्वासच घेता येईना. मामानं काठी पुढे केली, ती मी धरली, पोटावर सरपटत बाहेर आले. मी आले, पिशवी आली, पण पिशवीतून पाणी गळत होतं.

बाईंनी कॅमेरा उघडून बघितला, बंद केला आणि म्हणाल्या, "तुमचे पाय हलतायत का?"

"हलतायत."

"मग चला. पाय दुरुस्त करता येत नाहीत, कॅमेरा येतो."

कुमेमध्ये मामाची गाडी उभी असते. चाकांवरची खोली म्हणा ना, वर गोल छत, आत पलंग आणि चूल. बर्फ उपसून दार उघडलं, चूल पेटवली, आणि मी मामाचे लोकरीचे पायजमे चढवून जिवंत झाले. बाहेर वारं आपटत होतं आणि आत राजमा रटरटत होता. पातेल्यात भाजलेल्या पावाच्या बुडाला मामानं सुरीनं क्रूस काढला आणि पहिला तुकडा बाजूला ठेवला. तो कुत्र्याचा मान. कुत्रं नव्हतं, म्हणून दार किलकिलं करून त्यानं तो मारिचूला दिला. तिनं बोटासकट घेतला.

जेवता जेवता वाद पेटला.

"बाई, ससा तो ससा," मामा म्हणाला. "लांबकान्या असो नाहीतर कापूसशेपट्या. एक मोठा, एक लहान."

"लांबकान्या तर ससाही नाही खरा. कूळच वेगळं त्याचं. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडेच ठेवून जन्मतात, तीही उघड्यावर. कापूसशेपट्याची मात्र उघडीवाघडी, आंधळी, मऊ गादीत."

"म्हणजे लांबकान्या कोकरासारखा," मामा म्हणाला. हे त्याला आवडलं. "आणि तुमचा बुटका?"

"बुटका कापूसशेपट्यासारखाच, पण स्वतःचं घर स्वतः खणतो. कापूसशेपट्या दुसऱ्याच्या बिळात घुसतो. बुटका खणतो, आणि खणतो ते सेजच्या बुडाशी. हिवाळ्यात सेजशिवाय जवळजवळ काही खातच नाही. दुसऱ्या जनावराला इतकं सेज पोटात गेलं तर सोसायचं नाही."

"माझ्या मेंढ्यासुद्धा तोंड वाकडं करतात."

"तेच. सेजशिवाय त्याला घर नाही आणि जेवणही नाही. सेज कापलं की तो संपला."

मामानं चुलीत एक लाकूड सारलं. "मग माझ्यासारखाच झाला की," तो म्हणाला आणि पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला. "पण इथं पिल्लंच आहेत, बाई. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी खोटं बोलणार नाही."

सकाळी वारं पडलं होतं. असली सकाळ वर्षातून एखादीच! निळ्याशार आभाळाखाली कुमे पांढरंशुभ्र पसरलं होतं, सेजच्या प्रत्येक काडीवर बर्फाची फुलं, आणि आमचा श्वाससुद्धा चमकत होता. आम्ही उंचवट्यांकडे निघालो.

पहिला भेटला लांबकान्या. सेजमागून उसळला तो केवढ्या तरी लांब उड्या मारत, कान काठ्यांसारखे वर करून, पार समोरच्या उतारावर. बाईंनी मानही वर केली नाही. मग दगडांच्या ढिगातून एक कापूसशेपट्या निघाला. टुणटुण उडत गेला आणि जाताना मागचा पांढरा गोंडा आम्हाला दाखवून गेला.

"हा बघा," मामा म्हणाला. "याचीच पिल्लं पुढं."

पुढच्या उंचवट्यावर बाई गुडघ्यांवर बसल्या. बर्फात वाटीएवढं एक भोक होतं. भोकातून एक बारीकशी वाट निघून शेजारच्या सेजपर्यंत जात होती, अर्धी बर्फावरून, अर्धी बर्फाच्या आतून, भुयारासारखी. सेजच्या खालच्या डहाळ्या तिरक्या कापलेल्या, सुरीनं छाटल्यासारख्या. आणि भोकाच्या तोंडाशी काळ्या मिऱ्याएवढ्या लेंड्या. बाईंनी हातमोजा काढून एक उचलली आणि इतक्या प्रेमानं बघितली की माझ्याकडे आजपर्यंत कुणी तसं बघितलेलं नाही.

तेवढ्यात सेजमध्ये काहीतरी हललं.

जमिनीवर नाही, झुडपात! फांदीवर चढून तो खात बसला होता. राखाडी, गोल, कान आखूड आणि गोलसर, फांदीच्या सालीत मिसळून गेलेला. आम्ही दिसताच तो खाली उतरला आणि पळाला. उडी नाही, टुणटुण नाही. पोट जमिनीला लावून उंदरासारखा सरसर गेला आणि भोकात गडप. शेपूट दिसलं न दिसलं, पण पांढरं काही चमकलं नाही.

"पिल्लू," मामा म्हणाला. "सांगितलं नव्हतं?"

मला राग आला. घसरून, गोठून, बुडून इथवर आलो आणि हा माणूस अजून तेच म्हणतोय.

"मामा, तू मेंढ्यांना नर कधी दाखवतोस?"

"हे काय मध्येच? नोव्हेंबरात."

"लवकर दाखवलास तर? समज, जानेवारीतच व्याल्या तर?"

"डोकं फिरलंय का तुझं? जानेवारीत? या बर्फात? अगं, पडल्याबरोबर गोठून मरतील. या मुलखात जानेवारीत पिल्लू कोण..."

तो थांबला. तोंड उघडंच राहिलं. त्यानं भोकाकडे बघितलं, सेजकडे बघितलं, पुन्हा भोकाकडे. आयुष्यभर प्रत्येक मेंढीच्या विण्याचा अंदाज चुकू न देणारा माणूस! नाताळात या खोऱ्यात आला, तेव्हा ‘पिल्लं’. फेब्रुवारीत आला, तेव्हाही ‘पिल्लं’. तेवढीच, तशीच, कधी न वाढणारी.

"कोण घालतं?" मी विचारलं.

"कुणी नाही," मामा हळूच म्हणाला. "कुणीसुद्धा नाही." आणि मग तो हसायला लागला. बर्फात बसला, पोट धरून हसला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बापानं खोऱ्याला नाव ठेवलं तेही चुकीचं. तीन पिढ्या. बाई, तीन पिढ्या आम्ही आजोबा-पणजोबांना बाळं म्हणत होतो."

मग हसू ओसरलं. "आणि त्या काचवाल्याला मीच सांगितलं," तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, "हुस्तोभाऊ, दोष विचारणाऱ्याचा. त्यानं उतरायला हवं होतं."

"उतरला असता तरी मी तेच सांगितलं असतं. छातीवर हात ठेवून."

भोकात नीट बघायला म्हणून मामानं आपला मेंढीच्या कातड्याचा कोट काढून बर्फावर अंथरला आणि पालथा झाला. तेवढ्यात मारिचू जोरात फुरफुरली. ससा दुसऱ्याच भोकातून बाहेर पडला, आमच्यामधून सरसर पळाला, समोर काळोखी बोगदा दिसला म्हणून आत शिरला. तो बोगदा म्हणजे मामाच्या कोटाची बाही!

मामानं दोन्ही टोकं दाबली. आम्ही तिघेही श्वास रोखून राहिलो. बाहीत एक उबदार गोळा धडधडत होता. मनगटाकडच्या टोकातून एक नाक बाहेर आलं, मग एक फाटका कान. जुनी जखम, केव्हाच भरून आलेली. हे काही कालचं बाळ नव्हतं.

आणि त्याच वेळी खालून आवाज आला. घरघर. खोऱ्याच्या तोंडाशी पहिला ट्रॅक्टर सुरू झाला होता.

मी म्हणाले, "मामा, कोट गुंडाळ. असाच खाली नेऊ. त्यांच्या तोंडावर धरू."

मामानं बाईंकडे बघितलं. कॅमेरा गेलेला. लेंड्या होत्या, पण त्या प्रयोगशाळेत जाऊन उत्तर येईपर्यंत इथे झुडूप उरलं नसतं. पुरावा हातात होता, जिवंत, धडधडता.

"धरायचा परवाना माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या. "पण ते मरू दे. असं आवळून, यंत्रांच्या आवाजात नेलं तर पोचेपर्यंत तो बहुधा भीतीनंच मरेल. मग मेलेला ससा दाखवायचा. तुमची मेंढरं आहेत हुस्तोभाऊ, तुम्ही ठरवा."

मामानं बाहीवर तळवा ठेवला. कोकराचं काळीज चाललंय का बघायला ठेवतो तसाच. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याची मेंढरं, त्याचा एप्रिल, सगळं त्या बाहीत होतं.

"घरातून उठवून आणलेलं जनावर दाखवून घर वाचवायचं?" तो म्हणाला. "नाही जमणार." त्यानं बाहीचं तोंड भोकाला लावलं आणि हात काढला. ससा निघाला, क्षणभर थबकला, "पिक" असा बारीक आवाज काढला, शिवीच असणार ती, आणि नाहीसा झाला.

"आता?" मी विचारलं.

"आता पळ!"

पळालो! जाळ्यांनी बर्फ उडवत, सेज चुकवत, पडत, उठत. मारिचूसुद्धा दुडक्या चालीनं निघाली, तिला वाटलं घरी चाललो. पुढे ट्रॅक्टरची घरघर वाढत होती. पहिली झुडपं आडवी झालेली दिसली, कापल्या सेजचा वास आला, आणि माझं डोकंच सटकलं. मी सरळ यंत्रापुढे जाऊन उभी राहिले. ट्रॅक्टर कचकन थांबला. वर हॅच होता.

"वेड लागलंय का तुला?" तो ओरडला. "मेली असतीस."

"ससा आहे वर. बुटका. आम्ही तिघांनी बघितलाय."

"फोटो?"

"ओढ्यात."

हॅचनं कपाळावर हात मारला. "नेकाने, माझ्या कागदावर लिहिलंय, ससे नाहीत."

"कागद गेला खड्ड्यात. तुझ्या कागदानं कधी..."

"तू गप्प बस," मामा म्हणाला. तो धापा टाकत पोचला होता, अंगात कोट नव्हता. "वेंडल, ते कागदावर का लिहिलंय माहितीय? मी सांगितलं म्हणून. मी म्हणालो पिल्लं आहेत. मी चुकलो."

हॅच बघतच राहिला. हुस्तो लेहार्दी चुकलो म्हणाला, हे त्या मुलखात कुणीच ऐकलेलं नव्हतं. समोरच्यानं पानं उघडी करून दाखवली तरी मूसमध्ये मामा हरलो म्हणत नाही.

"ओर्दागो," मामा म्हणाला.

मूसमध्ये ओर्दागो म्हणजे सगळं पणाला. एकच हात, जिंकला तर डाव आपला, हरला तर खेळच संपला. समोरच्यानं पानं टाकायची, नाहीतर बघायला तयार व्हायचं.

"माझ्याबरोबर वर चल," मामा म्हणाला. "तुला ससा दिसला नाही, तर मी स्वतः तुझ्या ट्रॅक्टरवर बसून सगळं सेज कापतो, आणि सोमवारी मेंढरं बाजारात नेतो. करारात तुझी सही आहे. जनावर दिसलं तर यंत्र थांबवायचं, हे तुझ्यावर आहे."

मागच्या तीन ट्रॅक्टरांवरची माणसं माना लांब करून ऐकत होती. हॅच मामाचं तोंड निरखत होता, शनिवारी निरखतो तसाच. म्हातारा थाप मारतोय की हातात खरंच पानं आहेत?

त्यानं इंजिन बंद केलं. "बघतो," तो म्हणाला आणि खाली उतरला.

उंचवट्यावर आम्ही पाचजण ओणवे बसलो, मारिचू धरून. बसलो, बसलो, काही नाही. हॅचचे गुडघे वाजायला लागले. इतक्या गडबडीनंतर कोण बाहेर येईल? मी असते तर आलेच नसते. मामा मात्र भोकाकडे बघत शांत बसला होता. विणाऱ्या मेंढीपाशी बसतो तसा, घाई केली तर बिघडतं हे ठाऊक असल्यासारखा.

आधी मिशा आल्या. मग तोच फाटका कान. ससा बाहेर आला, उन्हात बसला, सेजची एक डहाळी दातांनी छाटली आणि दोन्ही बाजूंना बघत निवांत चावायला लागला. हॅचच्या हातभर पुढे!

"हॅ," हॅच कुजबुजला. "हे तर पिल्लू आहे."

बाईंनी तोंडात हातमोजा कोंबला. मामाचे खांदे हलायला लागले.

"वेंडल," मी म्हणाले, "तुझ्या गाई कधी वितात?"

"मार्चमध्ये. का?"

"आत्ता का नाही?"

"आत्ता कशी..." आणि हॅचही थांबला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. सकाळी मामाचा असाच झाला होता. मग ससा वळला, पोट टेकवून सरसर पळाला, मागे पांढऱ्याचा मागमूस नाही, आणि हॅचनं टोपी काढून डोकं खाजवलं. "आईशप्पत. माझ्या अंगणात असतात हे. लहानपणापासून."

पुढचं आत्ताच सांगून टाकते. रीतसर तपासणी झाली, या वेळी ट्रकमधून उतरून. पट्टा कुमे सोडून खडकाळ धारेवरून वळवला. एप्रिलमध्ये मामाच्या मेंढ्या तिथेच व्याल्या आणि वारं नेहमीसारखंच सुटलं. खात्यानं कुणाची माफी मागितली नाही, मागतही नाहीत ते. नकाशावर खोऱ्याचं नाव अजून कुमेच आहे. मामा ते बदलू देत नाही, म्हणतो, बापाची चूक आहे, राहू दे.

पण मला खरी मजा वाटते ती त्या दुपारची. हॅच ट्रॅक्टरवर चढला आणि त्यानं रेडिओवरून शहरातल्या साहेबांना कळवलं, काम थांबवतोय. साहेब तडकले. एवढे ट्रॅक्टर, एवढी माणसं, एवढं डिझेल! आम्ही सगळे भोवती उभे होतो, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"हॅच, चार ट्रॅक्टर अडवणारं हे जनावर आहे तरी केवढं?"

हॅचनं क्षणभर विचार केला. बर्फाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि अगदी गंभीर आवाजात उत्तर दिलं.

"साहेब, माझ्या जेवणाच्या डब्यात बसेल. आणि वर सँडविचला जागा राहील."